औषधाचा त्रास झाला तर काय करावे

1. आधी धोका ओळखा. गोळी किंवा इंजेक्शननंतर ओठ, जीभ, चेहरा सुजला, श्वास लागला किंवा चक्कर येऊन माणूस कोसळला, तर वाट पाहू नका. 108 ला फोन करा. दुसरा धोका उशिरा येतो. फिटसाठी फेनिटॉइन किंवा कार्बामाझेपिन, युरिक अ‍ॅसिडसाठी अ‍ॅलोप्युरिनॉल किंवा सल्फाचे औषध सुरू होऊन दोन-तीन आठवडे झाल्यावरही ताप, तोंडात फोड, लाल डोळे, सोलवटणारी कातडी दिसू शकते. अशा वेळी पुढचा डोस घेण्याआधी थेट रुग्णालय गाठा.

2. बाकी त्रासांत तारखा लिहा. गोळी कधी सुरू झाली, डोस कधी वाढला, त्रास कधीपासून आहे, सोबत काय चालू आहे. काढे, चूर्ण, मनाने घेतलेली दुखण्याची गोळीही त्यात आली. बीपीसाठी घेतलेल्या रॅमिप्रिलचा कोरडा खोकला कधी कधी काही महिन्यांनी सुरू होतो. तोवर गोळी अंगवळणी पडलेली असते, तिच्यावर कुणाचा संशय जात नाही आणि घरात कफ सिरपच्या बाटल्या साचत राहतात. तारखांचा कागद समोर असला की डॉक्टरांना हा धागा सापडतो.

टीबीच्या रिफाम्पिसिनने लघवी केशरी होते, लोहाच्या गोळ्यांनी शौच काळपट होते. याला घाबरून गोळ्या सोडू नका.

3. एरवी मनाने औषध बंद करू नका. स्टेरॉइड, फिटच्या गोळ्या, हृदयासाठीचे बीटा ब्लॉकर एकदम थांबवल्यास मूळ त्रासापेक्षा मोठे संकट येऊ शकते. डॉक्टरांना त्याच दिवशी विचारा.

4. घटकाचे नाव जपा. मेडिकलमधून चार गोळ्या कापून आणल्या की नावाचा तुकडा बहुतेक वेळा दुकानातच राहतो. तो मागून घ्या, निदान फोटो काढा. अ‍ॅलर्जी घटकाची असते. ब्रँड बदलला तरी ती टळत नाही. ते नाव केसपेपरवर ठळक लिहून घ्या आणि पाकिटातही चिठ्ठी ठेवा.

5. कळवा. भारतात 2010 पासून औषधांच्या दुष्परिणामांची राष्ट्रीय नोंद ठेवली जाते. तिचे केंद्र गाझियाबादच्या भारतीय औषधकोश आयोगात आहे. 1800-180-3024 या टोल-फ्री क्रमांकावर रुग्ण किंवा नातेवाईक स्वतः कळवू शकतात, मराठीतला फॉर्मही आहे. औषधानेच झाले हे सिद्ध करावे लागत नाही, संशय पुरतो.