आधी श्वास मोजा, मग बाकीचं

कुठलाही टीपीआर चार्ट, म्हणजे ताप, नाडी आणि श्वासाच्या नोंदींचा तक्ता, उघडा. नाडीचे आकडे बदलतात, तापाचे बदलतात, आणि श्वास? वरपासून खालपर्यंत २०, २०, २०. हे मोजलेलं नाही, भरलेलं आहे. ड्युटीवर नव्याने आलेल्या नर्सेसना मी सगळ्यात आधी श्वास मोजायलाच बसवते.

नाडी मोजून झाली तरी मनगट सोडू नका. रुग्णाला वाटतं अजून नाडीच बघताहेत. ‘आता श्वास मोजते’ म्हटलंत की माणूस वेगळाच श्वास घ्यायला लागतो. त्याचा हात तसाच छातीवर ठेवा, म्हणजे पांघरुणावरूनही वरखाली होताना दिसतो. पूर्ण एक मिनिट मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणलं, तर एका श्वासाच्या चुकीचे चार होतात. मोठ्या माणसाचे साधारण १२ ते २०. २५ किंवा जास्त भरले तर राउंडची वाट न बघता लगेच डॉक्टरांना कळवा. ऑक्सिजन लावलेला असला की रक्तातला ऑक्सिजन दाखवणारं बोटावरचं यंत्र खुशाल ९७ दाखवत राहतं आणि रुग्ण इकडे धापा टाकत असतो. म्हणून एका दमात वाक्य पुरं होतंय का, श्वास घेताना मानेचे स्नायू ओढले जाताहेत का, हेही बघा. मॉर्फिनसारखं जोरदार वेदनाशामक चालू असेल तर भीती याच्या उलट, श्वास मंदावण्याची. श्वास ८ किंवा त्याखाली आले की पुढचा डोस थांबवा, रुग्णाला हाका मारून जागं करा आणि खाट न सोडता मदत बोलवा.

औषध देताना ‘तुम्ही अमुकच ना?’ असं विचारू नका. गुंगीतला किंवा कमी ऐकू येणारा माणूस कशालाही मान डोलावतो. ‘पूर्ण नाव सांगा’ म्हणा, मग मनगटावरची पट्टी आणि केसपेपर ताडून बघा. खाटेच्या नंबरावर विसंबू नका, खाटा बदलतात. फोनवर ऑर्डर मिळाली तर लिहून घ्या आणि तिकडे परत वाचून दाखवा. पोटॅशियम क्लोराइड मात्र थेट शिरेत कधीच सोडायचं नाही. हृदय बंद पडतं. ते पातळ करून, सावकाशच जातं.

हात धुण्याबद्दल सगळ्यांना माहीत असतं, म्हणून एवढंच: ग्लोव्हज काढल्यावरही हात धुवायचे असतात. खाट खाली, ब्रेक लावलेला, बेल हाताशी, लघवीची पिशवी कमरेच्या खाली पण जमिनीला न टेकलेली. खोलीतून निघताना एवढं बघितलंत की झालं.

अंथरुणाला खिळलेल्याची कूस साधारण दर २ तासांनी बदला. पूर्ण कुशीवर न वळवता पाठीमागे उशी देऊन ३० अंशांत कलतं ठेवा, आणि पोटरीखाली उशी घालून टाचा अधांतरी राहू द्या. माकडहाडावर लाली दिसली तर बोटाने दाबा. दाबल्यावर पांढरी पडत नसेल तर बेडसोरची (सतत दाब पडून होणाऱ्या जखमेची) सुरुवात झाली समजा. सावळ्या कातडीवर लाली सहज दिसत नाही. तिथे आजूबाजूपेक्षा ऊन किंवा कडक लागतंय का, ते हाताने चाचपा. नातेवाईक मायेने तिथेच तेल चोळायला घेतात. त्यांना थांबवा, चोळल्याने आतली कातडी आणखी दुखावते.