पाठीत उसण भरली? आधी या चुका टाळा

दोन फऱ्यांच्या, म्हणजे खांद्याच्या पात्यांच्या, मधे कळ आली की कोल्हापुरात निदान तयारच असतं: उसण भरली. मग पायाळू, म्हणजे पायाकडून जन्मलेला माणूस, शोधायचा; त्याचा पाय लागला की उसण जाते अशी समजूत. पायाळूनं नुसता पाय लावला तर काही बिघडत नाही. बिघडतं ते पोराला पाठीवर उभं करून तुडवून घेतल्यावर.

विशेषतः साठीपुढच्या बायकांचं. पाळी जाऊन वर्षं झालेली, हाडं ठिसूळ, त्यात दम्यासाठी किंवा सांध्यांसाठी स्टिरॉइडच्या गोळ्या. भरलेली कळशी उचलताना, कधी नुसतं शिंकताना, मणका पुढून दबतो. हे फ्रॅक्चरच. पण बाई पडलेली नसते, त्यामुळं हाडाची शंका कुणालाच येत नाही. घरचे तेल कोमट करून रगडायला बसतात, दबलेला मणका आणखी दबू शकतो आणि पोक कायमचं राहू शकतं. चोळण्याआधी मधल्या मणक्यांवरून बोटानं एकेक करत हलकं ठोकून बघा. एकाच हाडावर ‘आई गं’ निघालं तर तेल बाजूला ठेवा, आधी एक्स-रे.

दुसरी चूक जिवावरची. रात्री तांबडा-पांढरा झालेला, पाठ भरून आली, ‘गॅस असेल’ म्हणून सोडा प्यायचा. बायका आणि मधुमेही यांच्यात हार्ट अटॅकची कळ छातीत न येता पाठीत, जबड्यात येऊ शकते. सोबत दरदरून घाम, मळमळ, दम असेल तर १०८ लावा; स्वतः गाडी काढून जायची मर्दुमकी नको. पहिला ईसीजी चांगला आला म्हणून लगेच घरी पळू नका, तो आणि ट्रोपोनिन (हृदयाला इजा झाली का ते सांगणारी रक्ततपासणी) परत बघावं लागतं. काहीतरी फाटल्यासारखी अचानक कळ आली तरी हाच रस्ता. तेलकट खाल्ल्यावर उजव्या फऱ्याखाली दुखत असेल तर पित्ताशयाची सोनोग्राफी करा.

एका बाजूला पट्ट्यासारखी आग होत असेल तर रोज कपडे काढून बघा. नागीणीचे फोड दिसल्यापासून ७२ तासांत औषध सुरू झालेलं बरं.

संध्याकाळी ताप, वजन उतरतंय, झोपमोड करणारं दुखणं: मणक्याचा टीबी असू शकतो, त्यावर वेदनाशामक गिळत महिने घालवू नका. पाय जड पडले, लघवी अडली किंवा नकळत झाली तर त्याच दिवशी दवाखाना.

बाकी बहुतेक दुखणं स्नायूंचं. गुजरीतला सोन्याचांदीचा कारागीर असो की लॅपटॉपवाला, मान तासन्‌तास खाली. आठवडाभर पडून राहणं हा त्यावरचा सगळ्यात वाईट इलाज. काम छातीच्या उंचीला आणा, अर्ध्या तासानं उठा, दोन्ही फरे मागं ओढून पाच सेकंद धरा, असं दहा वेळा. दोन-तीन आठवडे लागतात. तालमीत नवी आलेली पोरं दुसऱ्याच दिवशी शंभर जोर मारतात आणि तिसऱ्या दिवशी बाम मागतात. त्यांनी विसावर थांबावं.