नाव दिलेला बीनही ‘डिफॉल्ट’च असतो: स्पेसिफिकेशनमधील संदिग्ध नियम वाचताना

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावात राहून मी जावा या प्रोग्रामिंग भाषेत काम करतो. मराठी माध्यमातून शिकून या क्षेत्रात येऊ पाहणारी तालुक्यातील मुले मला बहुधा कोणता कोर्स करावा हे विचारतात. माझा अनुभव असा आहे की, स्पेसिफिकेशनमधील, म्हणजे एखादे तंत्र कसे वागावे याच्या अधिकृत नियमपत्रातील, एक वाक्य नीट वाचता येणे हे अनेक कोर्सपेक्षा अधिक उपयोगी पडते, आणि ते मला डिपेन्डन्सी इंजेक्शनच्या नियमांनी शिकवले.

डवरणीला आलेल्या माणसाने डवरा स्वतः घडवायचा नसतो. कास्तकाराने तो धुऱ्यावर आणून ठेवलेला असतो. डिपेन्डन्सी इंजेक्शनमध्येही क्लास, म्हणजे प्रोग्रामचा एक घटक, आपल्याला लागणारी वस्तू स्वतः तयार करीत नाही, ती त्याला कंटेनर, म्हणजे प्रोग्राम चालवणारी व्यवस्था, पुरवतो. मात्र धुऱ्यावर दोन डवरे असतील तर कोणता उचलायचा, हे आधी ठरलेले असावे लागते. सगळे अवघड नियम या दुसऱ्या डवऱ्यापासून सुरू होतात.

एका जिनिंगसाठी कापूस खरेदीच्या काटापट्टीचा प्रोग्राम मी लिहीत होतो. दरपुरवठा नावाचा इंटरफेस (काय पुरवायचे एवढेच सांगणारा करार) होता आणि बाजारदर हा त्याचा एकच क्लास होता. पुढे हमीभावाने होणाऱ्या खरेदीसाठी हमीदर हा दुसरा क्लास आला. त्याला मी ‘नेम्ड’ हे अ‍ॅनोटेशन (कोडला जोडायची खूण) लावून नाव दिले आणि असे गृहीत धरले की, जिथे नाव मागितलेले नाही तिथे पूर्वीप्रमाणे बाजारदरच मिळेल. प्रोग्राम सुरूच झाला नाही. दरपुरवठ्यासाठी दोन बीन (कंटेनर ज्यांच्या वस्तू पुरवतो ते क्लास) जुळतात, सबब निवड करता येत नाही, असा संदेश येऊन कंटेनर थांबला. दोन दिवस मी कोड उलटसुलट करीत राहिलो. स्पेसिफिकेशन उघडण्याचे तिसऱ्या दिवशी सुचले.

सीडीआय (कॉन्टेक्स्ट्स अँड डिपेन्डन्सी इंजेक्शन) हे जावाचे या विषयावरील स्पेसिफिकेशन आहे. त्याची पहिली आवृत्ती २००९ साली आली, आणि इंजेक्शनची मूळ अ‍ॅनोटेशन ठरवणारे जेएसआर ३३० हे छोटे स्पेसिफिकेशनही त्याच वर्षीचे आहे. दोन्ही विनामूल्य उतरवून घेता येतात. आमच्याकडे लाईट आणि नेटवर्क यांचा भरवसा नसल्यामुळे ती लॅपटॉपमध्ये साठवलेली असणे मला फार सोयीचे पडले.

त्यातील एक वाक्य मी वहीत मराठीत उतरवले: बीनवर ‘नेम्ड’खेरीज दुसरा क्वालिफायर (एकाच प्रकारचे बीन वेगळे ओळखण्याची खूण) स्पष्टपणे लावलेला नसेल, तर त्या बीनला ‘डिफॉल्ट’ हा एक जादा क्वालिफायर मिळतो. म्हणजे नाव दिल्यावरही माझा हमीदर डिफॉल्टच राहिला होता. त्याच्या खाली इंजेक्शन पॉइंटचा (जिथे वस्तू मागितली जाते त्या जागेचा) नियम लिहिला: तिथे एकही क्वालिफायर नसेल, तरच डिफॉल्ट गृहीत धरला जातो. दोन्ही वाक्ये एकाखाली एक आल्यावर फरक दिसला. बीनच्या बाजूने ‘नेम्ड’ मोजला जात नाही, मागणीच्या बाजूने तो मोजला जातो. नाव न घेता केलेल्या मागणीला म्हणूनच बाजारदर आणि हमीदर हे दोघेही पात्र ठरत होते. हमीभाव नावाचा स्वतंत्र क्वालिफायर तयार करून हमीदरला लावल्याबरोबर त्याचा डिफॉल्ट गेला आणि प्रोग्राम चालू झाला.

हा नियम अवघड होता, पण संदिग्ध नव्हता. खरी संदिग्धता बीनच्या त्या पहिल्या वाक्यातच दुसरीकडे होती. नेहमीच्या प्रत्येक बीनला ‘एनी’ हा क्वालिफायर न लिहिताही असतोच. मग कोणी तो मुद्दाम लिहिला, तर डिफॉल्ट जातो की राहतो? पहिल्या आवृत्तीच्या शब्दांप्रमाणे तो जायला हवा, कारण अपवाद फक्त ‘नेम्ड’चा आहे, हेतू पाहिला तर तो राहायला हवा, कारण आधीच असलेली गोष्ट लिहिल्याने काही बदलू नये. २०१७ च्या २.० आवृत्तीत हे वाक्य ‘नेम्ड किंवा एनी यांखेरीज’ असे आहे आणि प्रश्न मिटलेला आहे. दोन शब्दांची ही भर मला आजही महत्त्वाची वाटते. ‘खेरीज’ हा शब्द दिसला की त्याच्या मागे कोणकोणती नावे आहेत आणि कोणती सुटली आहेत, हे मी तेव्हापासून बोट ठेवून वाचतो.

काही ठिकाणी स्पेसिफिकेशन जाणूनबुजून मौन पाळते, त्याला संदिग्धता समजू नये. जेएसआर ३३० प्रमाणे आधी कन्स्ट्रक्टर (वस्तू घडवणारा भाग), मग फील्ड (तिच्यातील माहितीची जागा), मग मेथड (तिने करायचे काम) असा इंजेक्शनचा क्रम आहे, आणि सुपरक्लासचे (मूळ क्लासचे) सदस्य सबक्लासच्या (त्यावरून बनलेल्या क्लासच्या) आधी येतात. परंतु एकाच क्लासमधील दोन मेथडपैकी कोणती आधी, हे ठरवलेले नाही, असे तिथे स्पष्ट म्हटले आहे. आपल्या मशीनवर त्या नेहमी एकाच क्रमाने चालल्या तरी त्यावर काहीही उभारू नये.

शंका उरलीच, तर दहा-पंधरा ओळींचा प्रोग्राम लिहून तो वेल्ड आणि ओपनवेबबीन्स या सीडीआयच्या दोन्ही अंमलबजावण्यांवर (ते नियम प्रत्यक्ष चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर) चालवून पाहावा. दोन्हींचे उत्तर सारखे आले म्हणून नियम सिद्ध होत नाही, पण ते वेगळे आले तर वाक्यात किंवा एखाद्या अंमलबजावणीत दोष असण्याची दाट शक्यता असते, आणि तेव्हा प्रश्न विचारण्यास संकोच करू नये. आवृत्तीचा उल्लेख मात्र अवश्य करावा, कारण नियम बदलत असतात: रिकामी बीन्स डॉट एक्सएमएल ही सेटिंगची फाइल पूर्वी सगळे क्लास शोधायला लावत असे, सीडीआय ४.० पासून मात्र ठरावीक अ‍ॅनोटेशन असलेलेच क्लास शोधले जातात. मी प्रश्न पाठवताना आवृत्ती, ते नेमके वाक्य, त्याचे मला दिसणारे दोन अर्थ आणि तो छोटा प्रोग्राम एवढेच लिहितो. इंग्रजी साधे असले तरी चालते. दोन अर्थ वेगवेगळे मांडलेले असले की समोरचा माणूस नेमके उत्तर देऊ शकतो. ते दोन अर्थ मी अजूनही आधी वहीत मराठीतच लिहून काढतो.