परतीच्या पक्ष्यांची शेवटची तारीख कशी टिपावी

फेब्रुवारी सरता सरता आमराईत कोकीळ ओरडायला लागला की ‘वसंताचे पाहुणे आले’ असं म्हणायची आपल्याकडे पद्धत आहे. कोकीळ कुठूनही आलेला नसतो. हिवाळाभर तो त्याच झाडांत गप्प बसून फळं खात असतो. विणीचा काळ जवळ आला म्हणून त्याला कंठ फुटतो, इतकंच. पावशाचं आणि तांबटाचंही तेच. महाराष्ट्रात फेब्रुवारी ते एप्रिल हा पाहुण्यांच्या येण्याचा नाही, निघण्याचा काळ आहे. दिवस मोठा होऊ लागला की मध्य आशिया, सायबेरिया, मंगोलिया, तिबेटकडून आलेले पक्षी खाऊन खाऊन चरबी साठवतात, पिसं बदलतात आणि एके दिवशी नसतात.

आल्याची तारीख टिपायला काही लागत नाही. नवा पक्षी दिसला की हात आपोआप वहीकडे जातो. गेल्याची तारीख टिपायला मात्र पद्धत लागते, कारण ‘आज दिसला नाही’ हे लिहायचं कुणाला सुचतच नाही.

जागा, फेऱ्या, वेळ

घरापासून अर्ध्या तासात गाठता येईल असं एकच पाणथळ निवडा. भिगवण, नांदूर मध्यमेश्वर, जायकवाडी या जागा बघाव्यातच, पण हंगामात दोनदा गाडी काढून तिथली शेवटची तारीख हाती लागत नाही. गावाबाहेरचा पाझर तलाव आठवड्यातून दोनदा बघितलात तर तो जास्त सांगेल. 15 फेब्रुवारी ते 10 मे, दर तीन-चार दिवसांनी एक फेरी, म्हणजे साधारण 24 फेऱ्या. एवढं जमणार नसेल तर नोंदी जरूर ठेवा, पण त्यातून तारीख काढायच्या भानगडीत पडू नका.

काठावर तीन ठिकाणं ठरवा आणि प्रत्येक ठिकाणी 15 मिनिटं थांबा. दर वेळी तीच ठिकाणं, तोच क्रम. सकाळी सूर्य पाठीशी हवा, म्हणजे पूर्वेच्या काठावरून पश्चिमेकडे बघायचं. मार्चच्या मध्यानंतर उन्हं चढली की पाण्यावर झळा उठतात आणि स्कोपमधला (तिपाईवर लावायच्या एकनळी दुर्बिणीतला) पक्षी थरथरत्या डागासारखा दिसतो, त्यामुळे नऊ-साडेनऊच्या आत काम संपवा. 8×42 ची दुर्बीण पुरते. लांबवर पसरलेल्या चिखलासाठी 20-60 पटींचा स्कोप असला तर बरं. कपडे कोणत्याही मळक्या रंगाचे चालतात. खाकीवर पैसे घालवण्यापेक्षा हात कमी हलवा.

खाडीकाठी राहणाऱ्यांनी घड्याळ विसरावं. भरतीची वेळ रोज सुमारे 50 मिनिटं पुढे सरकते. दर शनिवारी सकाळी सातला गेलात तर एकदा पक्षी पायाशी असतील आणि पुढच्या वेळी किलोमीटरभर लांब चिखलात विखुरलेले. आकडे उतरलेले दिसतील, पण ती करामत भरती-ओहोटीची. भरती चढत असताना, तिच्या शिखराआधीच्या दोन तासांत मोजा. भरतीची तीच उंची साधारण त्याच वेळी 15 दिवसांनी परत येते, म्हणून खाडीत पंधरवड्याची तुलना सगळ्यात भरवशाची.

मोजणी

दहा पक्षी नीट मोजा, ते नजरेत किती जागा व्यापतात ते बघा आणि ती पट्टी थव्यावर फिरवा. मोठ्या थव्याला पन्नासाची पट्टी. ‘भरपूर’, ‘अनेक’ हे शब्द वहीत नकोत. 200 चा अंदाज 40 ने चुकला तरी चालेल. ‘भरपूर’चं पुढे काहीही करता येत नाही.

शून्य लिहिणं

सगळी गोची इथे होते. तलवार बदक 23 मार्चला दिसलं, पुढच्या फेरीत दिसलं नाही, की लोक ‘23 मार्चला गेलं’ असं लिहून मोकळे होतात. एका शून्याने काही सिद्ध होत नाही. ते त्या दिवशी पाणकणसाच्या आड असू शकतं, शेजारच्या तळ्यावर असू शकतं, किंवा मासेमारीच्या होडीमुळे उठून गेलेलं असू शकतं. सलग तीन फेऱ्यांत शून्य आल्याशिवाय पक्षी गेला असं म्हणू नका. लिहायचंही असं: ‘23 मार्च: 6, 27 मार्च: 0, 30 मार्च: 0, 3 एप्रिल: 0’. निष्कर्ष ‘23 ते 27 मार्चच्या दरम्यान’. एकच तारीख द्यायचा मोह टाळा.

त्यासाठी यादी हंगामाआधी तयार हवी. तुमच्या तळ्यावर जानेवारीत दिसलेला प्रत्येक स्थलांतरित पक्षी वहीच्या डाव्या कडेला, फेऱ्यांच्या तारखा वर आडव्या, आणि प्रत्येक चौकोनात आकडा. रिकामा चौकोन ठेवायचा नाही. तो पक्षी शोधला आणि मिळाला नाही तर 0. शोधायचाच राहिला तर फुली. शून्य आणि फुली यांची गल्लत झाली की वही वाया गेली.

दुसरी गोष्ट, शेवटची तारीख एकट्या पक्ष्यावर ठरते आणि एकटा पक्षी बेभरवशाचा असतो. पंखाला दुखापत झालेलं एखादं चक्रवाक मेपर्यंत रेंगाळेल आणि तुमचा आकडा महिन्याने पुढे ढकलेल. म्हणून सोबत निम्म्याची तारीख काढा. हंगामातली सर्वांत मोठी मोजणी 240 असेल, तर ती 120 च्या खाली कायमची उतरली तो दिवस. दोन वर्षांची तुलना करायची तर ही तारीख कामाची. शेवटची तारीख सांगायला बरी वाटते, पण तुम्ही किती वेळा गेलात यावर ती फार अवलंबून असते.

आता फसवणारे प्रकार.

पाणी आटणं हा पहिला. मार्चमध्ये पाझर तलाव झपाट्याने उतरतो. पाण्यात बुड्या मारणारी बदकं खोल धरणाकडे सरकतात, आणि उघड्या पडलेल्या चिखलावर तुतवार, चिखल्या, टिलवे वाढतात. यातली एकही हालचाल परतीच्या प्रवासाची असेलच असं नाही. काठावर एक दगड किंवा खांब खूण म्हणून ठरवून पाणी तिथून किती पावलं मागे गेलं ते प्रत्येक फेरीला लिहा. भोरड्यांचंही असंच: रब्बी ज्वारी काढली की शेतातून त्या नाहीशा होतात आणि पांगारा, सावर, पळस यांच्या फुलांवर दिसू लागतात. भोरड्या शेतात मोजायच्याच नाहीत; संध्याकाळी रातथाऱ्यावर मोजा. एप्रिलमध्ये तो थारा काही दिवसांतच ओस पडतो, तेव्हा त्या खरोखर निघालेल्या असतात.

दुसरा प्रकार बदलीचा. तुमच्या तळ्यावर हिवाळाभर असलेले पक्षी गेले, आकडा खाली आला, आणि आठवड्याने पुन्हा वर चढला. दक्षिणेतून निघालेले थवे वाटेत उतरलेले असतात. वहीत दरी आणि मग उंचवटा दिसला की पहिली दरी खोडू नका. तुमचे हिवाळी पक्षी त्या दरीत गेले.

तिसरा, इथेच राहणारे जुळे. कंठेरी चिखल्या आपल्याकडे मार्च ते मे दरम्यान नदीपात्रात अंडी घालतो, त्यामुळे तो मेमध्ये दिसला यात बातमी नाही. पांढरा धोबी जातो, पण त्याच्यासारखाच काळा-पांढरा, पांढऱ्या भुवईचा मोठा धोबी बारमाही आहे. माळ भिंगरी जाते, तारवाली भिंगरी राहते. हळदी-कुंकू बदक तर कुठेच जात नाही. हे चारही यादीत वेगळ्या ओळीवर ठेवा.

चौथा प्रकार सर्वांत त्रासाचा: मागे राहणारे. काळ्या शेपटीचे पाणटिवळे, कुरल, काही चिखल्या आणि रोहित यांच्यातले कोवळे, विणीला न आलेले पक्षी उन्हाळाही इथेच काढतात. त्यांना वेगळं करायचा मार्ग म्हणजे रंग. एप्रिलमध्ये निघायच्या तयारीतला पाणटिवळा मानेवर विटकरी झालेला असतो. कर्ल्यू सँडपायपर खालून तांबडा होतो, ठिपकेदार टिलवा काळा पडतो, सोन चिखल्याच्या पोटावर काळं उतरतं, तपकिरी डोक्याच्या कुरवाला गडद टोपी चढते. मागे राहणाऱ्यांना हा रंग येत नाही किंवा जेमतेम येतो, आणि पिसं झिजून फिकी दिसतात. मार्चच्या मध्यापासून आकडा दोन भागांत लिहा: ‘रंग आलेले 34, न आलेले 11’. रंग आलेल्यांचं शून्य ही खरी तारीख.

रंगाबरोबर ओळखही पक्की करून घ्या. पिवळ्या धोब्याच्या उपजाती हिवाळ्यात वेगळ्या करणं जवळपास अशक्य. मार्च-एप्रिलमध्ये नराचं डोकं काळं आहे, गडद राखाडी आहे, की फिकट राखाडीवर पांढरी भुवई आहे, ते लिहून ठेवा. लिटल स्टिंट या चिमुकल्या चिखलपक्ष्याचे पाय काळे, त्याच्यासारख्याच टेमिंक्स स्टिंटचे पिवळट, हे पुस्तकात ठीक आहे. चिखलात सगळ्यांचेच पाय काळे दिसतात. पक्षी पाण्यातून चालून बाहेर येईपर्यंत थांबा, किंवा उडताना शेपटीच्या कडा बघा. टेमिंक्सच्या शुभ्र असतात.

संध्याकाळची एक फेरी

मार्च-एप्रिलच्या स्वच्छ संध्याकाळी सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी जा. निघणारा थवा आधी अस्वस्थ होतो, सारखा बोलतो, मग घिरट्या घेत वर वर चढतो आणि रांग धरून उत्तरेकडे जातो. खाली उतरत नाही. बदकं रोजच संध्याकाळी उठतात, पण ती खालून उडत शेतांकडे चरायला जातात. उंची बघा, फसगत होणार नाही.

फोटोसाठी थवा उठवू नका, होडी त्यात घालायला लावू नका. या दिवसांत प्रत्येक उड्डाण साठवलेल्या चरबीतून जातं. वाळूच्या बेटांवर पायही ठेवू नका. नदी सुरय आणि आर्ली तिथे उघड्यावर अंडी घालतात आणि ती पायाखाली येईपर्यंत दिसत नाहीत.

नोंद कुठे द्यावी

ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाका, आणि ओळखलेले सगळे पक्षी यादीत असतील तरच ‘संपूर्ण यादी’ला हो म्हणा. तिथे शून्य वेगळं लिहावं लागत नाही. संपूर्ण यादीत नाव नसणं हेच शून्य धरलं जातं. फक्त पाहुणे लिहून कावळे-साळुंक्या गाळल्या असतील तर उत्तर ‘नाही’. पायात रंगीत पट्टी दिसली तर रंग, अक्षरं, डावा की उजवा पाय आणि सांध्याच्या वर की खाली, हे फोटोसह बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीला कळवा.

10 मेला वही बंद करू नका. मेअखेर एक आणि जूनमध्ये एक फेरी मारा. हिरवा तुतवार जुलैच्या अखेरीलाच परत हजर होऊ शकतो, आणि मधली दोन शून्यं नसतील तर तो परतलेला की गेलाच नव्हता, हे वहीवरून सांगता येणार नाही.