इमारतीच्या ऊर्जाबचतीसाठी अनुदान घेताय? या चुका टाळा

सगळ्यात महागात पडणारी चूक कामाची नसते, तारखेची असते. ठेकेदार म्हणतो, "आत्ता माणसं मोकळी आहेत, उरकून घेऊ. अर्ज काय, मागाहून करता येतो." मग छतावर इन्सुलेशन, म्हणजे उष्णता अडवणारा थर, पडतं, खिडक्यांना दुहेरी काचा लागतात आणि वरातीमागून घोडं निघावं तसा अर्ज निघतो. जर्मनीतल्या इमारत-अनुदानाला काम सुरू होण्याआधी अर्ज लागतो. इतरही बऱ्याच योजनांचं तसंच आहे. मदत नसतानाही तुम्ही काम काढलंत, म्हणजे तुम्हाला मदतीची गरज नव्हती, असा त्यामागचा हिशोब. ठेकेदाराला दिलेला ॲडव्हान्ससुद्धा काही ठिकाणी 'काम सुरू' धरला जातो.

जुनं यंत्र भंगारात देण्याआधी नेमप्लेटचा फोटो काढा. मॉडेल, सिरियल नंबर, वॅट नीट वाचता आलं पाहिजे. फ्लॅशने पांढरा पडलेला फोटो कामाचा नाही. सोबत आधीच्या बारा महिन्यांची वीजबिलं जपा. किती वाचलं हे दाखवायचं, तर आधी किती लागत होतं ते हवंच.

'30 टक्के मदत' ऐकून एकूण खर्चाचे 30 टक्के धरून चालू नका. टक्केवारी सहसा पात्र खर्चावर असते, त्यालाही कमाल मर्यादा; रंगकाम वगैरे त्यात बसेलच असं नाही. करसवलतीचं गणित आणखी निराळं. अमेरिकेत घरांच्या ऊर्जा-सुधारणांवर 30 टक्के करसवलत होती, पण तुमचा कर त्याहून कमी भरत असेल तर उरलेली रक्कम बुडीत. ती सवलतही 2025 संपताना बंद झाली. म्हणून माहितीपत्रक वाचण्याआधी त्यावरची तारीख वाचा.

यंत्रावर पैसे मिळतात म्हणून आधी यंत्रच घ्यायचं, हा मोह फार जणांना होतो. आधी फटी बुजवा, छताचं बघा, मगच एसी किंवा हीट पंपाची (बाहेरची उष्णता आत ओढून घर गरम करणारं यंत्र) क्षमता काढा. उलट केलंत तर छत सुधारल्यावर यंत्र गरजेपेक्षा मोठं ठरतं, सारखं चालू-बंद होतं, आणि दमट हवेत खोली गार होऊनही चिकट राहते.

अर्ज फेटाळला गेलाच, तर तणतणत लगेच नवा भरू नका. पत्रातलं कारण आणि फेरविचाराची मुदत बघा. वीजजोडणी वडिलांच्या नावावर, पावती मुलाच्या, बँक खातं सुनेचं, असा घोळ असेल तर संमतीपत्र चालतं का, ते विचारा. आणि पावतीवरचा सिरियल नंबर यंत्रावरच्या नंबराशी एकेक अंक लावून बघा. शून्याच्या जागी दुकानदाराने इंग्रजी ओ टाकलेला असू शकतो.