ठोकणाऱ्या पोरांशी पिकलबॉल कसं खेळायचं

संध्याकाळी सातनंतर आमच्या सोसायटीच्या कोर्टावर ऑफिसातून आलेली पोरं उतरतात. दंडात ताकद भरपूर, आणि बॉल दिसला की ठोकायचा एवढंच धोरण. मी साठी ओलांडलेली, डावा गुडघा कुरकुरणारा. तरी डबल्समध्ये माझी आणि शेजारच्या विंगमधल्या वहिनींची जोडी त्यांना चांगलीच दमवते. कसं, ते सांगते. सिंगल्सच्या भानगडीत मात्र आमच्या वयाने पडू नये, तिथे पायच लागतात.

पिकलबॉल म्हणजे बॅटसारख्या पॅडलने छिद्रांचा प्लास्टिकचा बॉल नेटवरून मारायचा खेळ. आधी कोर्ट नीट आखा. पिकलबॉलचं कोर्ट 44 बाय 20 फूट, म्हणजे बॅडमिंटनच्या डबल्स कोर्टाएवढंच. म्हणून सोसायट्यांमध्ये त्याच कोर्टावर भागवलं जातं. नेट मात्र खाली घ्यावं लागतं: कडेला 36 इंच, मध्यभागी 34. आणि बॅडमिंटनची पुढची सर्व्हिस लाइन नेटपासून साडेसहा फुटांवर असते, तर किचनची, म्हणजे नेटलगतच्या पट्ट्याची, रेघ 7 फुटांवर. तिथे वेगळी चिकटपट्टी लावा. अर्ध्या फुटाने काय बिघडतं, असं म्हणणारा एक जण प्रत्येक सोसायटीत असतोच. त्याचं ऐकू नका.

कारण सगळी गंमत त्या रेघेवर आहे. किचनमध्ये उभं राहून टप्पा न पडलेला बॉल मारता येत नाही. बाहेरून मारला आणि तोल जाऊन पाय आत पडला, तरी फॉल्ट. टप्पा पडलेला बॉल असेल तर खुशाल आत जा. म्हणजे किचनमध्ये अलगद पडलेला, फार न उसळलेला बॉल समोरच्याला खालून वर उचलावाच लागतो. तिथे जोर लावला की तो नेटमध्ये जातो, नाहीतर मागे बाहेर.

सर्व्ह आणि त्याचं रिटर्न, दोन्हींना टप्पा पडू द्यावा लागतो. त्यामुळे सर्व्ह करणारी जोडी मागे अडकते आणि रिटर्न करणारीला पुढे यायला मोकळं रान मिळतं. म्हणून रिटर्न कडक मारू नका. उंच, संथ आणि थेट मागच्या रेघेजवळ पडेल असा द्या. मागच्या रेघेपासून किचनपर्यंत 15 फूट चालायचंय. बॉल जितका रेंगाळेल तितका तुम्हाला वेळ.

आता तुमची सर्व्ह असेल तेव्हा काय? इथेच बहुतेक जण घाई करतात. रिटर्न आलं की पोरं तिसरा फटका सणसणीत ड्राइव्ह मारतात. तुम्ही तो ड्रॉप करा, म्हणजे समोरच्या किचनमध्ये अलगद पडेल असा टाका. गुडघे वाकवा, बॉल शरीराच्या पुढे घ्या, पॅडल मागे फार नेऊ नका. पिकलेला चिकू धरावा इतपतच पकड ठेवा. मूठ आवळली की बॉल उडालाच. मनगट न झटकता खांद्यातून हात वर न्या. बॉलने सगळ्यात जास्त उंची नेटच्या आपल्या बाजूलाच गाठायला हवी, म्हणजे नेट ओलांडताना तो उतरणीला लागलेला असतो. ड्रॉप चांगला पडला तर पुढे सरका, पण समोरचा मारायच्या क्षणी थांबा आणि पॅडल छातीपुढे धरा. पळता पळता परतवलेला बॉल हमखास उंच जातो. ड्रॉपच उंच गेला असेल तर पुढे जायचा मोह आवरा.

दोन्ही जोड्या किचनच्या रेघेपाशी आल्या की डिंक, म्हणजे किचनमधून किचनमध्ये टाकलेले अलगद फटके, सुरू होतात, आणि पोरांचा संयम सुटायला लागतो. डिंक तिरका द्या. नेट मध्ये 2 इंच खाली असतं, शिवाय सरळ रेषेत दोन्ही किचन मिळून 14 फूट मिळतात, तर कोपऱ्यातून कोपऱ्यात 24 फुटांवर. चुकायला तेवढी जास्त जागा. मधूनच एखादा दोघांच्या मध्ये टाका. कोणाचा बॉल यावर त्यांचा हमखास गोंधळ होतो. आपल्यात तो होऊ नये म्हणून आम्ही ठरवून टाकलंय: मधला बॉल जिच्या फोरहँडला येईल तिचा, आणि ‘माझा’ किंवा ‘सोड’ मोठ्याने ओरडायचं. लाजायचं नाही.

आता त्यांचा तो सणसणीत फटका. रेघेपाशी उभं असताना बॉल खांद्याच्या वर येत असेल आणि अजून चढतच असेल, तर बाजूला व्हा. तो बहुतेक वेळा बाहेर जातो. आम्हाला मिळणारे कितीतरी रॅली असे, हात न लावता मिळतात. बाकीच्या बॉलना नुसतं पॅडल आडवं धरा, पकड सैल ठेवा. वेग त्यांचा, तुम्ही फक्त तो जिरवायचा आणि बॉल किचनमध्ये पडू द्यायचा.

तुम्ही कधीच जोरात मारायचं नाही असं नाही. बॉल नेटपेक्षा उंच आला की मारा, पण पायांत. नाहीतर उजव्या हाताने खेळणाऱ्याच्या उजव्या काखेकडे. फोरहँड की बॅकहँड, हे ठरेपर्यंत बॉल गेलेला असतो.

डोक्यावरून लॉब, म्हणजे उंच उडवलेला बॉल, गेला तर उलट्या पावलांनी मागे पळू नका. हे आमच्या वयाच्या सगळ्यांना कळकळीने सांगते. वळा, आणि तोंड त्या दिशेला करून जा. नाही जमलं तर पॉइंट सोडा. पडल्यावर मनगट मोडलं तर काही महिने पॅडलच धरता येणार नाही.

सरावाला पूर्ण गेम नको. दोघांनी किचनच्या रेघांपाशी तिरकं उभं राहायचं, बॉल किचनमध्येच टाकायचा, 7 पॉइंटचा गेम. जोरात मारला की पॉइंट समोरच्याचा. पोरांनाही बोलवा यात. काही कंटाळून निघून जातील, जाऊ द्या. जी टिकतील त्यांच्यातला एखादा पार्टनर म्हणून आधीच पटकावून ठेवा, लॉबमागे पळायला कामाला येतो.