पावसाळ्यात सक्युलंटला पाणी नको, वारा द्या

मिरीग लागला की आमच्या बेळगावात आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही, खानापूर-जांबोटीकडं तर विचारूच नका, आणि सक्युलंटची, म्हणजे जाड मांसल पानांची, रोपं सगळ्यात जास्त मरतात ती ह्याच दिवसात. त्यातली एचेवेरिया मूळची मेक्सिकोकडची, हावर्थिया दक्षिण आफ्रिकेची, दोन्ही पानातच पाणी साठवून ठेवतात, त्यामुळं हवा ओली असली की वरून पाणी घालायची गरजच पडत नाही.

ज्यांनी विक्रीसाठी ट्रे भरलेत त्यांनी आधी छप्पर बघा. हिरव्या शेडनेटनं ऊन अडतंय, पाऊस नाही, हे मी दोन वर्षांमागं अर्धी रोपं घालवून शिकलोय. नेटच्या वर यूव्हीचा, म्हणजे उन्हात लवकर न फाटणारा, पारदर्शक प्लास्टिक कागद टाका पण बाजू उघड्या ठेवा, वारा खेळला पाहिजे. अथणी-रायबागकडं पाऊस कमी, तिथं पत्र्याच्या वळचणीलापण चालतंय.

माती नुसती काळी नको, पाणी धरून बसते. एक भाग तांबडी माती, एक भाग चाळलेली जाड वाळू, एक भाग विटांचे बारीक तुकडे, आणि मूठभर कोळसा, शेणखत अगदी थोडं आणि पूर्ण कुजलेलंच. कुंडी मातीची असली तर उत्तम, खाली भोक हवंच, आणि खालची ताटली पावसाळाभर काढून ठेवा. पाणी घालायच्या आधी बोट मातीत खुपसून बघा, थोडीजरी ओल लागली तर राहू दे.

रोज सकाळी खालची पानं बघा. पान पिवळट, काचेसारखं दिसायला लागलं आणि बोट लावताच गळून पडलं तर खोड कुजायला लागलंय, वाट बघू नका. ब्लेड स्पिरिटनं पुसून वरचा शेंडा कापा. कापलेल्या जागी तपकिरी ठिपका दिसला तर आणखी वर कापा, आतलं सगळं स्वच्छ हिरवट-पांढरं दिसेपर्यंत. मग चार-पाच दिवस सावलीत उघडा ठेवून, जखम सुकल्यावरच कोरड्या वाळूत लावा. असे शेंडे बरेचसे जगतात, फेकू नका.

पानांच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं दिसलं तर तो पिठ्या ढेकूण, स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीनं एकेक टिपून काढा आणि ती कुंडी बाकीच्यांपासून लांब ठेवा.

पाऊस उघडला म्हणून एकदम उन्हात नका काढू, ऑक्टोबरच्या उन्हानं पानं भाजतात आणि ते डाग जात नाहीत. पहिल्या आठवड्यात सकाळचं कोवळं ऊन तासभर, मग थोडं-थोडं वाढवत न्या.